मस्कतच्या व्हिसावरची तिसरी ओळ

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, 'तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा.' गमती पुष्कळ आहेत. जैनथकडची एक म्हातारी माझ्याकडून अर्ज लिहून घेई आणि दोनदा वाचून दाखवायला लावी. वाचून झालं की डोळ्यांना पदर लावून बघे. पदर कोरडा निघाला की म्हणे, "मुनशीजी, मलेच रडू नाई येऊन राह्यलं, सायबाले काय येईन? पुन्हा लिवा." दुसरे एक मास्तर दर उन्हाळ्यात स्वतःच्या बदलीचा अर्ज लिहून घेत आणि घडी करून खिशात घालत. तो त्यांनी कधीच कुठं दिला नाही. म्हणत, "खिशात असला की वर्ष निघून जाते."

पण धंदा बंद करून आता काही वर्षं झाली आणि एकटा बसलो की ह्या गमती मला आठवत नाहीत. आठवते ती रेणुका गुरनुले, आणि तिच्यापायी मी भोगलेली भीती. तेच लिहितो.

आधी धंदा काय ते सांगतो, कारण आता तो फारसा उरलेला नाही. मी अर्जनवीस. आदिलाबादच्या कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली माझं टेबल होतं. त्यावर आधी टाइपमशीन होतं, पुढं कॉम्प्युटर आला. माणसाला जे म्हणायचं आहे ते कचेरीला कळेल अशा भाषेत कागदावर उतरवायचं, एवढंच काम. पण आमच्या भागात हीच मोठी कसरत. माणूस सांगणार मराठीत, अर्ज जाणार तेलुगूत, सोबत जोडलेला जमिनीचा जुना कागद उर्दूत, आणि पासपोर्टचं काही असलं तर इंग्रजी.

माझे वडीलही हेच करत. निजामाच्या काळात त्यांचं सगळं लिखाण उर्दूत होतं. संस्थान विलीन झालं, पुढं भाषेवरून राज्यं झाली, आणि मराठी बोलणारे आम्ही तेलुगूच्या राज्यात राहिलो. वडलांची उर्दू एकदम निकामी झाली. भर संसारात, पोरांच्या पाट्या घेऊन ते तेलुगू बाराखडी शिकले. तरी मला मात्र त्यांनी उर्दू शिकवलीच. मी म्हणायचो, बाबा, आता काऊन? ते म्हणायचे, "जुन्या मिसला, जमिनीच्या फायली, कोन वाचीन मंग?"

त्यांनी मला धंद्याचा एक नियम घालून दिला होता. लिहायला दिलंय तेवढं लिहायचं. वाचायला दिलं नाही ते वाचायचं नाही. लोकांच्या घरातल्या गोष्टी आपल्या टेबलावर येतात, त्यात डोकं घातलं तर धंदा बुडतो. हा नियम मी इमानानं पाळला, आणि त्याचीच एक गोष्ट मला सलते. उटनूरकडचा एक शिंपी परदेशात शिवणकामाला निघाला होता. त्याचं प्रतिज्ञापत्र मी टाइप केलं. नाव उतरवून घेण्यासाठी त्यानं करारपत्र समोर ठेवलं, तेव्हा मला दिसलं की करार इमारती बांधणाऱ्या कंपनीचा आहे. शिंप्याचं तिथं काय काम, असं मनात आलं. मी बोललो नाही. अडीच-तीन वर्षांनी तो परत आला आणि कसल्याशा अर्जासाठी माझ्याच टेबलाशी बसला. सही कर म्हटलं तर त्याला पेन धरता येईना. सिमेंटनं बोटं आखडून गेली होती. मीच त्याचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर टेकवला. तो मला एक शब्दही वाकडा बोलला नाही. मी तेव्हा पाहिलं होतं हे त्याला माहीतच नव्हतं.

रेणुका आली ती आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले त्या दिवसांत. राज्य वेगळं होऊन थोडीच वर्षं झाली होती, लोक अजून अर्जावर जुन्याच राज्याचं नाव सांगत होते, आणि त्यात ही नवी वाटणी. निर्मल वेगळा जिल्हा झाला. बेल्लमपल्ली गाव नव्या मंचेरियाल जिल्ह्यात गेलं. फायलींचे गठ्ठे गाड्यांत भरून इकडून तिकडे चालले होते. पाट्यांवरचा रंग ओला होता. कोणता कागद कोणत्या गावी मिळेल हे कचेरीतल्या लोकांनाही धड सांगता येत नव्हतं. माझा धंदा मात्र तेजीत होता.

रेणुकाचे वडील मारोती गुरनुले जैनथजवळच्या गावात भाजीपाला पिकवत. वांगी, कोथिंबीर घेऊन ते आदिलाबादच्या बाजारात येत, त्यामुळे तोंडओळख होती. पोरगी नर्सिंग शिकून एका खासगी दवाखान्यात दोन वर्षं काम करत होती. उंच, सावळी, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. तिला मस्कतच्या एका इस्पितळात नोकरी लागली होती, निर्मलच्या एका एजंटामार्फत. जन्मदाखल्यात नावाची चूक होती ती दुरुस्त करून हवी होती. अडचण अशी की तिचा जन्म बेल्लमपल्लीचा. तिचा मामा कोळशाच्या खाणीत कामाला होता, त्याच्या क्वार्टरमध्ये आईचं बाळंतपण झालं होतं. आता ते दप्तर दुसऱ्या जिल्ह्यात गेलेलं.

अर्ज लिहिला, पाठवला, उत्तर येईना. बापलेक दर दोन दिवसांनी येत. प्रत्येक वेळी एजंटाचा फोन आलेला असे, की लवकर करा, जागा जाईल. मारोतीराव घाबरून जात. रेणुका एकदा मला म्हणाली, "मुनशीकाका, भेव वाटते. तिथं भाषा नाई, मानूस नाई. पन तिथं गेली तर खरं नर्सचं काम करायले भेटन. इथं मी दोन वर्षं झाले कागदच भरून राह्यली." तिनं हे हसून सांगितलं, पण ओढणीचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलेलं होतं.

शेवटी दाखला आला. तो न्यायला आली तेव्हा तिनं मोबाइल पुढे केला. एजंटानं व्हिसाचा फोटो पाठवला होता. विमान पाच दिवसांवर होतं.

"नाव बरोबर हाये का तेवढं पाहा," ती म्हणाली.

नाव इंग्रजीत होतं आणि बरोबर होतं. बाकी सगळं अरबीत. मला अरबी येत नाही. पण अक्षरं तीच, जी वडलांनी पाटीवर गिरवून घेतली होती. नावाखाली तिसऱ्या ओळीत धंदा लिहायची जागा असावी. तिथं दोन शब्द होते. पहिला मला लागला नाही. दुसरा मी सहज सोडवला. मीम, नून, ज़े, लाम. मंजिल.

मंजिल म्हणजे घर. जुन्या खरेदीखतांत हा शब्द मी शंभरदा वाचला होता. नर्सच्या कागदावर घर कशाला?

मारोतीराव बाजूला उभे होते, हातात पेढ्याचा पुडा. मला फक्त नाव बघायला सांगितलं होतं. मला अरबी येत नाही. माझं चुकलं असेल तर माझ्या एका शब्दानं ह्या पोरीची नोकरी जाईल. आणि चुकलं नसेल तर? मोबाइल परत द्यायचं सोडून मी ती ओळ पुन्हा पुन्हा बघत होतो, हे रेणुकानं पाहिलं.

"काका, काय झालं?"

मी सांगितलं. मारोतीराव एकदम भडकले. "मुनशीजी, तुमी काऊन आडवे येऊन राह्यले? तुमाले अरबी येते का? गावभर सांगून बसलो मी." त्यांचा आवाज चढला तशी बाजूच्या टेबलांवरची माणसं बघायला लागली. रेणुका मोबाइलवर ती ओळ मोठी करून बघत होती, जणू बघत राहिली तर तिलाही वाचता येईल.

मग तिनं विचारलं, "अरबी कोनाले येते?"

आम्ही तिघं मदरशातल्या मौलवीसाहेबांकडे गेलो. माझ्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक, शांत माणूस. त्यांनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवलं. "आमिला मंजिल," ते म्हणाले. "घर का काम करनेवाली. नर्स होती तो मरीज़ का ज़्वाद होता इसमें. यहाँ ज़्वाद कहाँ है, बेटी?" 'मरीज'मधलं ते अक्षर त्या ओळीत नव्हतं.

रस्त्यात मारोतीराव पेढ्याचा पुडा कुणाला द्यावा कळेना म्हणून तसाच धरून चालत होते. मी म्हटलं, एजंटाला फोन करून विचारू.

"नाई," रेणुका म्हणाली. "माहा पासपोर्ट त्याच्यापाशी हाये. सारे सर्टिफिकेटं बी ओरिजिनल. इचारलं तर तो देनारच नाई."

हे ऐकून मला खरी भीती वाटली. तोवर मी एका ओळीला भ्यालो होतो. आता समोर एक माणूस उभा राहिला, ज्याच्या कपाटात ह्या पोरीचं सगळं शिक्षण होतं. रेणुका रस्त्यातच थांबली. मग म्हणाली, "काका, जिल्हा बदलला ना? सारे लोक कागद घेऊन फिरून राह्यले ना? मी म्हनते, नव्या जिल्ह्याच्या पोलीस दाखल्यासाठी अख्खी फाइल मांगितली. तुमी फकत संग चला. तुमी असले म्हंजे त्याले खरं वाटन."

मी आयुष्यात कचेरीला खोटा कागद दिला नव्हता. पण ही कचेरी नव्हती. सकाळी आम्ही दोघं निर्मलच्या बसमध्ये बसलो. मारोतीरावांना तिनं मुद्दाम आणलं नाही, त्यांच्या तोंडावर सगळं दिसलं असतं.

एजंटाचं ऑफिस वरच्या मजल्यावर, काचेचं दार, भिंतीवर विमानांची चित्रं. माणूस तिशीचा, गोड बोलणारा. रेणुकाला 'सिस्टर' म्हणत होता. तिनं पाठ केलेलं वाक्य न अडखळता सांगितलं. तो हसला. "टेन्शन नक्को सिस्टर. मैं यहीं से करा देता."

"जन्म बेल्लमपल्ली का है," ती म्हणाली. "वो मंचेरियाल में गया. मेरेकू खुद जाना पड़ता बोले."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "ये कौन?"

"अर्जी लिखनेवाले काका."

"क्यों जी, सच में ओरिजिनल होना?"

खोलीत दारापाशी अजून एक माणूस उभा होता, तो कशासाठी उभा आहे हे मला कळत नव्हतं. मी म्हणालो, "जिल्हा बदला है साब. नये ऑफिसवाले रोज नया कागज मांग रहे." ह्यातला एकही शब्द खोटा नव्हता. तेवढ्यावर मी पुढचं सगळं खोटं उभं राहू दिलं.

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग कपाट उघडून त्यानं रबर लावलेला पासपोर्टांचा गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवून तिचा शोधायला लागला. गठ्ठ्याखालचा कागद माझ्या समोर उघडा पडला होता. तोही व्हिसा. एका बाईचा फोटो, इंग्रजीत नाव सुगुणा, टाचून लावलेल्या चिठ्ठीवर नेरडीगोंड्याजवळच्या गावाचं नाव आणि उद्याची तारीख. आणि तिसऱ्या ओळीत तेच दोन शब्द.

"परसों तक वापस लाना," म्हणत त्यानं रेणुकाच्या हातात फाइल आणि पासपोर्ट दिले. आम्ही जिना उतरलो. रेणुका पुढं चालत होती, आणि मला वाटलं ती पळेल. ती पळाली नाही. कोपऱ्यावर वळल्यावर मात्र तिनं फाइल छातीशी धरली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिला उलटी झाली.

आदिलाबादची बस मिळाली. मागून मोटरसायकल आली की प्रत्येक वेळी मी मान वळवून बघत होतो. बऱ्याच वेळानं मी तिला त्या दुसऱ्या कागदाबद्दल सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण तोंडून निघून गेलं.

"कोन्तं गाव?" तिनं विचारलं.

मी सांगितलं.

"म्हंजे नेरडीगोंड्याले उतरा लागन."

"पोरी, तिथं त्याचे लोक असतील. त्याला कळलं की आपण हेच सांगत फिरतोय, तर?"

"तुमी नका उतरू काका. तुमाले उद्या टेबलावर बसायचं हाये." ती रागानं बोलली नाही. खरंच माझा विचार करून बोलली. नेरडीगोंडा आलं, ती उतरली. कंडक्टरनं बेल मारली, बस हलली. मला त्या शिंप्याचा अंगठा आठवला, थंड आणि जड. मी ओरडून बस थांबवली आणि खाली उतरलो.

ऑटोनं गाव गाठलं. सुगुणाचं घर विचारल्यावर लगेच दाखवलं, कारण ती परदेशी जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. ती ओट्यावर बसून बॅगेची चेन तेल लावून सरकवत होती. पंचवीस-सव्वीसची, बारीक बाई. नवरा अपघातात गेलेला. दोन लहान मुली आजीच्या मागे उभ्या होत्या. बोलणं तेलुगूत सुरू झालं, पण रेणुकाची तेलुगू शाळेपुरती, म्हणून ती बाई हिंदीवर आली. रेणुकानं तिला समजावून सांगितलं की तुझ्या कागदावर घरकामवाली असं लिहिलं आहे, तुला फसवलं आहे.

सुगुणानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मेरेकू मालूम है, अक्का. मैं नर्स काय की? घर का काम करनेच जा रही."

एवढी धावपळ करून आलो होतो आणि सांगायला काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "डर नहीं लगता?"

"बहोत लगता." ती मुलींकडे न बघता म्हणाली. "काम का डर नहीं. वहाँ मैं किधर है, कौन के घर में है, ये इधर किसी को मालूम नहीं रहता, उसका डर लगता. काका, तुम पढ़ते ना वो अक्षर? मेरे मालक का नाम, पत्ता क्या लिखा, वो माँ के लिए लिख के देव."

तिच्या मोबाइलवर तोच फोटो होता. मी ओट्यावर बसलो. आयुष्यात हजारो अर्ज लिहिले, पण त्या पाच ओळी लिहिताना आला तेवढा घाम कधी आला नाही. मालकाचं नाव, पत्ता, शहर, व्हिसाचा नंबर. जिथं अक्षर लागेना तिथं मौलवीसाहेबांना फोन करून, फोटो पाठवून विचारलं. तेलुगूत एक कागद आणि मूळ अक्षरांत एक. सुगुणाच्या म्हाताऱ्या आईनं दोन्ही कागद घडी न करता कपाळाला लावले.

पुढचं थोडक्यात सांगतो. एजंटाला दोन दिवसांत कळलं. त्याचे फोन आले, मग तो स्वतः आला. माझ्या शेडपुढं मोटरसायकल लावून तासभर बसला, बोलला काही नाही. त्यानंतर कित्येक महिने मी घरी जायचा रस्ता बदलत होतो आणि दाराची कडी वाजली की आधी खिडकीतून बघत होतो. रेणुकाच्या सहीनं आणि माझ्या मसुद्यानं पोलिसांत अर्ज गेला, चौकशी झाली, त्याचं ऑफिस बंद पडलं. तो दुसरीकडे दुसरी पाटी लावून बसला असं ऐकतो. खरं खोटं माहीत नाही.

रेणुका वर्षा-दीड वर्षानं सरकारी भरतीतून परदेशी गेली, नर्स म्हणूनच. तिची कागदपत्रं मी आणि मौलवीसाहेबांनी तीनदा वाचली, तरी विमान उतरल्याचा फोन येईपर्यंत मारोतीराव माझ्या शेडमध्ये बसून होते, पाणीसुद्धा प्यायले नाहीत. ती अजून तिथंच आहे. बापाचा राग मावळला, पण पूर्वीसारखं मोकळं ते माझ्याशी बोलले नाहीत. त्या दिवशी चारचौघांत मला बोलले होते, ते त्यांना विसरता आलं नसावं.

सुगुणा ठरल्या दिवशी गेलीच, आणि दर शुक्रवारी आईला फोन करायची. मग फोन बंद झाला. दोन महिने गेले, चार गेले. म्हातारी तो कागद घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा तो घामानं मऊ पडला होता. मी तिथल्या आपल्या वकिलातीला अर्ज लिहिला, नाव-पत्त्यासकट. लिहिताना मनात सतत एकच येत होतं, की एखादं अक्षर मी चुकीचं वाचलं असेल तर? त्या एका नुक्त्यापायी, अक्षरावरच्या ठिपक्यापायी, तिला भलत्याच दारात शोधतील. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. घर सापडलं होतं. तिचा मोबाइल काढून घेतला होता आणि तिला बाहेर पाऊल टाकू देत नव्हते. ती परत आली.

माझा धंदा बंद व्हायच्या शेवटच्या महिन्यात ती शेडमध्ये आली. अंगानं भरलेली वाटली, केस मात्र पुढून पांढरे झालेले. समोरच्या बाकावर बसली आणि पिशवीतून नव्या मालकाचा अरबी करार काढला.

"काका, फिर जाना है," ती म्हणाली. "लड़कियाँ बड़ी हो रहीं. इस बार पहले पढ़ के बोलो."

मला तिला नको जाऊ म्हणायचं होतं. कोणत्या तोंडानं म्हणणार? मी चष्मा पुसला. दोन पानांचा कागद होता, मौलवीसाहेबांना फोनवर विचारत वाचायला मला तास लागला. तेवढा वेळ ती हलली नाही. कागदाकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत बसली होती.